टीव्ही लागत नाही की नुसता दिसत नाही?

दुरुस्तीच्या दुकानात दिवसभर कानावर पडणारं वाक्य म्हणजे, “टीव्ही बंद पडलाय, पॅनल गेलं बहुतेक.” पॅनल म्हणजे चित्र उमटवणारा काचेचा पडदा. या एका वाक्यात किमान चार वेगवेगळे बिघाड दडलेले असतात. त्यातला पॅनलचा सोडला तर बाकीचे बहुतेक परवडणारे निघतात. पॅनल बदलायचं म्हटलं की मात्र जवळजवळ नव्या सेटचे पैसे पडतात. म्हणून ‘पॅनल गेलं’ हे घरच्यांनी आणि घरी आलेल्या मेकॅनिकनेही सगळ्यात शेवटी म्हणायचं.

हा लेख ज्यांनी कधी स्क्रू ड्रायव्हर हातात धरला नाही त्यांच्यासाठी आहे. टीव्हीचं मागचं झाकण कुठेही उघडायचं नाही. बिघाड सप्लायचा, सिग्नलचा, उजेडाचा की पडद्याचा, एवढं बाहेरूनच ओळखायचं. झाकणाला हात लावू नका असं सांगण्यामागे कारण आहे. आतल्या सप्लाय बोर्डावरच्या, वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशेहून जास्त व्होल्टचा डीसी दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ तिथेच राहतो. प्लग काढलाय म्हणजे सेट निर्धोक झाला, असं समजू नका.

आधी सॉकेट तपासा, सेट नंतर

सेट डेड वाटला की पहिला संशय भिंतीतल्या सॉकेटवर घ्या. लोक टेस्टर लावतात, तो पेटतो आणि ‘लाइट तर येतेय’ म्हणून टीव्हीवर ठपका बसतो. पण टेस्टर फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी वायर दाखवतो. न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, तुटलेला असला तरी टेस्टर तसाच पेटतो आणि त्या सॉकेटवर काहीही चालत नाही. त्यामुळे टेस्टरवर न जाता त्याच सॉकेटमध्ये टेबल लॅम्प किंवा मोबाइलचा चार्जर लावून बघा. चालला तर सॉकेट ठीक.

यानंतर मधला एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला काढा आणि टीव्ही थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. स्वस्तातल्या बोर्डांच्या आतल्या पितळी पट्ट्या वर्ष-दोन वर्षांत सैल होतात. प्लग हलवल्यावर चर्रर्र असा आवाज येत असेल, प्लगची पिन काळी पडली असेल किंवा बोर्ड हाताला गरम लागत असेल, तर तो बोर्ड टाकून द्या. त्याला टेप गुंडाळत बसू नका. टीव्हीची वायर सेटपासून सुटी होणारी असेल तर तीही बदलून बघा. आठच्या आकाराच्या टोकाची तशीच वायर घरातल्या प्रिंटरला किंवा म्युझिक सिस्टिमला बहुधा सापडते.

न्यूट्रलचा आणखी एक प्रकार याहून वाईट आहे. खांबावरच्या तीन फेजच्या लाइनचा न्यूट्रल तुटला तर काही घरांत दाब एकदम घसरतो आणि काही घरांत २३० व्होल्टच्या जागी तीनशे, साडेतीनशेच्याही वर चढतो. बल्ब डोळे दिपतील इतका उजळतो, पंखा भलत्याच वेगाने फिरू लागतो. हे दिसलं की टीव्हीचा प्लग शोधत बसू नका, आधी मेन स्विच पाडा. मग महावितरणला १९१२ वर फोन करा. पावसाळ्यात वादळानंतर एकाच गल्लीतले पाच-सहा सेट दुकानात येतात ते बहुधा यामुळेच. अशा वेळी सेटमधला व्हेरिस्टर नावाचा छोटा चपटा गोल भाग स्वतः फुटतो आणि फ्यूज उडवतो, म्हणजे पुढचं वाचतं. एवढंच गेलं असेल तर काम स्वस्तात होतं. दाब फार वेळ राहिला तर मोठा कपॅसिटर आणि स्विचिंगचे भागही जातात.

स्टॅबिलायझरबद्दल ग्राहक हटकून विचारतात. सेटच्या मागचं लेबल वाचा. बहुतेक एलईडी टीव्हींवर १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं असतं, म्हणजे कमी दाब तो मुकाट सोसतो. मारतो तो जास्त दाब. त्यामुळे माझं मत असं की, टीव्हीपुरता खर्च करायचाच असेल तर दाब मर्यादेबाहेर गेला की लाइन तोडणारं हाय-लो कट-ऑफ घ्यावं. साधा स्पाइक गार्ड क्षणभराचा झटका झेलतो, न्यूट्रल तुटल्यावर तासभर येणारा दाब त्याच्याने अडत नाही.

लाल दिवा काय सांगतो

सॉकेट ठीक आहे, आता सेटकडे वळा. पुढच्या पट्टीवरचा स्टँडबायचा छोटा दिवा ही सगळ्यात मोठी खूण. बहुतेक सेटमध्ये तो लाल असतो. काही नव्या मॉडेलना दिवाच नसतो, त्यांना हा भाग लागू नाही.

दिवा अजिबात नाही: प्लग काढा. सेटवरचं स्वतःचं पॉवर बटण शोधा, ते कंपनीच्या नावाखाली किंवा मागच्या कोपऱ्यात असतं. ते अर्धा मिनिट दाबून धरा, मग सेट दहा मिनिटं तसाच राहू द्या आणि पुन्हा प्लग लावा. आत साठलेला चार्ज निघून जातो आणि अडकलेला सेट कधीकधी सरळ उठतो. नाहीच उठला तर बहुधा सप्लाय बोर्ड गेला आहे किंवा मदरबोर्डवर, म्हणजे चित्र-आवाज सांभाळणाऱ्या मुख्य बोर्डावर, शॉर्ट आहे. पुढचं काम दुकानातलं.

दिवा आहे पण टीव्ही लागत नाही: आधी रिमोट तपासा. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा चालू करा, रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. पडद्यावर रिमोटच्या टोकाला फिकट जांभळा उजेड लुकलुकला तर रिमोट चालू आहे. ब्लूटूथच्या रिमोटला ही चाचणी लागू होत नाही. काही दिसलं नाही तर सेल बदला, आणि सेटवरच्या बटणाने लावून बघा. रिमोटच्या एका अडकलेल्या बटणापायी सेट दुकानापर्यंत उचलून आणणारे कमी नाहीत.

बटणानेही लागत नसेल तर सेटला जोडलेलं सगळं काढा. सेट-टॉप बॉक्सची एचडीएमआय, अँटेना, साउंडबार आणि मागे कायमची अडकवून ठेवलेली पेन ड्राइव्हसुद्धा. खराब पेन ड्राइव्ह किंवा शॉर्ट झालेली एखादी केबल पूर्ण सेट अडकवून ठेवू शकते. फक्त पॉवर देऊन लावा. लागला तर एकेक वायर जोडत चला, ज्या वायरीला सेट पुन्हा अडकेल तिथेच दोष आहे.

दिवा लुकलुकतोय: हा उगाच लुकलुकत नाही. किती वेळा लुकलुकतो, थांबतो आणि पुन्हा तेवढ्याच वेळा लुकलुकतो का, ते मोजा आणि मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. प्रत्येक कंपनीचा संकेत वेगळा असतो, पण आकडा सांगितला की सर्व्हिसवाल्याला बोर्ड कोणता धरायचा ते लगेच कळतं.

आतून टिक-टिक असा आवाज येत असेल तर सप्लाय उठायला बघतोय आणि पुढे शॉर्ट दिसला की बसतोय. असा सेट ‘लागेल मग’ म्हणून तासभर चालू-बंद करत राहू नका.

आवाज येतो, चित्र नाही: टॉर्च घ्या

घरबसल्या करण्याजोगी सगळ्यात उपयोगी तपासणी ही. मालिका चालू आहे, पात्रं बोलतायत, पडदा मात्र काळा. याचा अर्थ सप्लाय आहे, मदरबोर्ड काम करतोय, सिग्नल पोचतोय. उरल्या दोन शक्यता. एक तर पडद्यामागचा उजेड गेला, नाहीतर पडद्यावर चित्रच उमटत नाही.

खोलीतले दिवे घालवा, पडदे ओढा. मोबाइलचा टॉर्च लावून पडद्याच्या अगदी जवळ, समोरून नव्हे तर तिरका धरा. दुसऱ्या हाताने रिमोटचं मेनू बटण दाबा, कारण हलत्या चित्रापेक्षा मेनूच्या सरळ कडा आणि अक्षरं ओळखायला सोपी. टॉर्च हळूहळू सरकवत बघा. राखाडी, पुसट, पण मेनू दिसतोय? मग पॅनल जिवंत आहे, गेलाय तो बॅकलाइट. टॉर्चच्या उजेडातही पडदा सपाट काळा राहिला तर बिघाड टी-कॉन बोर्ड (पॅनलला चित्राचे संकेत देणारा छोटा बोर्ड), त्याची चपटी रिबन केबल किंवा पॅनलकडे सरकतो. ओएलईडी सेटमध्ये पडद्यामागे बॅकलाइटच नसतो, त्यामुळे तिथे टॉर्चचा उपयोग नाही.

बॅकलाइट जायची दुसरी ओळखीची खूण: टीव्ही लावला की एक-दोन सेकंद चित्र चमकतं आणि अंधार होतो, आवाज मात्र चालूच. पडद्यामागे एलईडींच्या पट्ट्या असतात आणि त्यातले एलईडी एकामागोमाग जोडलेले असतात. जुन्या दिवाळीच्या माळेत एक बल्ब उडाला की सगळी माळ विझायची, तसंच इथे होतं. शिवाय एक साखळी तुटलेली दिसली की पट्ट्यांना वीज देणारं ड्रायव्हर सर्किट बाकीच्या पट्ट्याही बंद करतं.

बॅकलाइटची आणखी दोन दुखणी लोक पॅनलच्या माथी मारतात. पडद्यावर ठिकठिकाणी पांढरे गोल ठिपके दिसत असतील तर एलईडीवर चिकटवलेली छोटी लेन्स निसटून खाली पडली आहे. सगळं चित्र निळं-जांभळं होत चाललं असेल तर एलईडींवरचा पिवळा लेप जळत आलाय. दोन्हींत पॅनलचा काही दोष नाही.

पट्ट्या बदलायचं काम स्वतः करू नका. त्यासाठी कागदासारखं वाकणारं काचेचं पॅनल उचलून बाजूला ठेवावं लागतं आणि दोघांचे हात सारखे चालले नाहीत तर ते तिथेच तडकतं. दुकानात मात्र दोन गोष्टी ठामपणे सांगा. गेलेली एकच पट्टी नको, पूर्ण संच बदला, कारण बाकीच्याही तेवढ्याच जुन्या आहेत. आणि सेट परत आला की सेटिंगमध्ये जाऊन बॅकलाइट पन्नास-साठवर आणा. बरेच सेट विकताना शोरूमच्या झगमगाटात उठून दिसावेत म्हणून वरच्या टोकाला ठेवलेले असतात, आणि घरी वर्षानुवर्षं तसेच जळत राहतात. घरातल्या खोलीला एवढा उजेड लागत नाही. नव्या सेटलाही हेच करा.

चित्र येतं, पण धड नाही

पुन्हा मेनूचीच मदत घ्या. मेनू टीव्ही स्वतः बनवतो, तो केबलमधून येत नाही. चित्र फाटतंय, चौकोन पडतायत, पण मेनू स्वच्छ? मग दोष बॉक्स, केबल किंवा छत्रीचा. रेषा मेनूवरही आहेत? मग टीव्हीचा.

उभी रंगीत रेष, तीही कायम एकाच जागी, हे बहुधा पॅनलच्या काठावरच्या जोडणीचं दुखणं. काठावर पारदर्शक पट्ट्या काचेला चिकटवलेल्या असतात, तो चिकटा सुटला की तेवढी रेष मरते. चौकटीवर दाबलं की रेष जाते, म्हणून आत कागदाची घडी खुपसून ‘दुरुस्त’ करणारे लोक आहेत. ते चार दिवस टिकतं. त्याचे पैसे देऊ नका. अर्धा पडदा धूसर, दुहेरी चित्र किंवा नुसता पांढरा पडदा असेल तर पॅनलच्या आधी टी-कॉन आणि रिबन केबल तपासायला सांगा.

या रेषांचं एक मोठं कारण घरातच असतं. दिवाळीची साफसफाई. काच पुसायचा स्प्रे थेट पडद्यावर मारला की थेंब ओघळत खालच्या चौकटीत जातात, आणि बऱ्याच सेटमध्ये त्या नाजूक जोडण्या नेमक्या तिथेच असतात. सेट बंद करा, मऊ कापड किंचित ओलसर करा, त्याने पुसा. स्प्रे पडद्यावर नाही, कापडावर.

कोकणात आणि एकूणच पावसाळी पट्ट्यात आणखी एक भानगड. महिनाभर बंद घर उघडलं आणि लगेच टीव्ही लावला, असं करू नका. बोर्डांवर दमटपणा बसलेला असतो. खिडक्या उघडा, पंखा लावा, सेट काही तास उबदार हवेत राहू द्या. मागच्या जाळीतून मुंग्या आत-बाहेर करताना दिसल्या किंवा पालीची घाण दिसली तर सेट न लावता आधी साफ करून घ्या. सप्लाय बोर्डावर चिकटून मेलेली पाल हा आमच्या टेबलावरचा नेहमीचा प्रकार आहे.

‘नो सिग्नल’ हा बिघाडच नव्हे

पडद्यावर ‘नो सिग्नल’ ही अक्षरं दिसतायत म्हणजे टीव्ही बहुधा ठणठणीत आहे. रिमोटवर इनपुट किंवा सोर्सचं बटण दाबा आणि केबल ज्या एचडीएमआय पोर्टला आहे तोच निवडा. मुलांनी गेमसाठी पोर्ट बदललेला असतो. मग केबल दोन्ही टोकांनी काढून घट्ट लावा, दुसऱ्या पोर्टला लावून बघा, दुसरी केबल लावून बघा. बॉक्स आणि टीव्ही दोन्ही प्लगवरून बंद करून मिनिटभराने आधी टीव्ही, मग बॉक्स लावा.

बॉक्स आपोआप पुन्हापुन्हा सुरू होत असेल तर संशय त्याच्या अडॅप्टरवर घ्या. जुना अडॅप्टर काही जोडलेलं नसताना व्होल्ट बरोबर देतो आणि बॉक्स जोडला की बसतो. नवा घेताना जुन्यावरचं लेबल वाचा: व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, आणि प्लस-मायनसचं गोल चिन्ह सारखंच हवं. ‘पिन बसते म्हणजे चालेल’ या हिशोबाने १२ व्होल्टच्या जागी १९ व्होल्टचा लॅपटॉपचा चार्जर लावलेला बॉक्स पुन्हा उठवणं अवघड.

लॅपटॉप आणि कॉम्प्युटरला हेच, थोड्या फरकाने

लॅपटॉपचा पडदा काळा असेल तर आधी कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो आहे? मशीन जिवंत आहे. ब्राइटनेस वाढवा, टॉर्चची चाचणी इथेही करा. घरातल्या टीव्हीला एचडीएमआयने जोडा, विंडोज कळ धरून पी दाबा आणि डुप्लिकेट निवडा. टीव्हीवर चित्र आलं तर तुमची माहिती सुरक्षित आहे आणि दुरुस्ती पडद्यापुरतीच. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबल्या की ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, कधीकधी काम तेवढ्यात होतं. झाकण एका विशिष्ट कोनात नेलं की चित्र जातं-येतं असेल तर बिजागरीतून जाणारी केबल झिजली आहे. ती बदलता येते.

अजिबात लागतच नसेल तर चार्जर काढा, बॅटरी सुटी होणारी असेल तर तीही काढा, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग फक्त चार्जरवर लावा. टाइप-सीवर चालणाऱ्या लॅपटॉपला मोबाइलचा छोटा चार्जर लावून ‘चार्ज होत नाही’ म्हणू नका, त्याला बहुधा ४५ किंवा ६५ वॉटचा चार्जर लागतो. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटत असेल, झाकण नीट बसत नसेल, तर बॅटरी फुगली आहे. त्यावर काहीही प्रयोग नको. चार्जर काढा, मशीन बंद करा आणि बॅटरी बदलून घ्या. टोचून हवा काढायचा विचारही करू नका, तिने पेट घेतला तर विझवणं कठीण.

टेबलावरच्या कॉम्प्युटरचे पंखे फिरतात पण मॉनिटर काळा, ही तक्रार बऱ्याच वेळा रॅमपाशी, म्हणजे मेमरीच्या पट्टीपाशी सुटते. मागे बघा, मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डला आहे की चुकून मदरबोर्डला. ती बरोबर असेल तर प्लग काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरची स्टॅटिक घालवा, रॅम काढा, तिचे सोनेरी पाय खोडरबराने हलके पुसा, कण झटका आणि दोन्ही बाजूंच्या खटक्या टक्कन बसेपर्यंत दाबून लावा. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा. कॉम्प्युटरचा हा भाग उघडायला हरकत नाही, पण पॉवर सप्लायचा लोखंडी डबा उघडायचा नाही. टीव्हीबद्दल सांगितलं तेच तिथेही.

दुकानात काय बोलायचं

सेट वॉरंटीत असेल तर एकही स्क्रू फिरवू न देता कंपनीच्या केंद्रात नोंद करा. मागच्या लेबलवरचा मॉडेल आणि सिरियल नंबर फोटो काढून ठेवा, सेट भिंतीवर असताना तो वाचायला जीव जातो.

वॉरंटी संपली असेल तर जे दिसलं ते सांगा, निदान नको. ‘रेड लाइट येते, आवाज येतो, टॉर्च लावल्यावर मेनू दिसतो’, एवढं ऐकलं की समोरचा ताठ बसतो आणि पॅनलची भाषा करत नाही. ‘बोर्डच बदलावा लागेल’ असं म्हणाला तर विचारा, चिप लेव्हलला, म्हणजे बोर्डवरचा फक्त बिघडलेला भाग बदलून होत नाही का? बाजारात बऱ्याच सेटना चालणारे युनिव्हर्सल बोर्ड मिळतात, ते झटपट लागतात. पण मग तुमच्या स्मार्ट टीव्हीची मेनू, ॲप आणि कधीकधी रंगही बदलून जातात. मूळ बोर्ड अगदीच हाताबाहेर गेला असेल तरच तो पर्याय.

खर्चाचा अंदाज आधी कागदावर घ्या, नव्या भागाची वॉरंटी किती ते बिलावर लिहून घ्या आणि काढलेला जुना भाग परत मागा. बिल देऊनही कुणी वॉरंटी पाळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.